तेरा वर्षांच्या घोड्याचे सहा लाख

"तेरा वर्षांच्या घोड्याला सहा लाख? मॅडम, एवढ्यात चांगली सेकंडहँड गाडी येते."

दाजींनी हे घोड्याच्या मालकिणीच्या तोंडावर विचारलं आणि मी मागे उभा राहून बुटाच्या टोकाने माती उकरत बसलो. नोव्हेंबर २०२३ ची गोष्ट. त्या दिवशी घोडा घेतला नाही, दुसरा घेतला, चौदा महिन्यांनी तो विकला, आणि आता फिरून त्याच पहिल्या घोड्यापाशी येऊन पोचलोय. मी पोटापाण्याला अकाउंट्स बघतो त्यामुळे ह्या सगळ्याची एक्सेल शीट आहे, नालबंदाला दिलेल्या चहापाण्यासकट, आणि ओळखीतले लोक सारखे विचारतात की घोडा घ्यायचा तर कितीला पडतो, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो. किंमती आमच्या आहेत, आमच्या वेळच्या, पुण्याच्या आसपासच्या. तुमच्याकडे वेगळ्या असतील.

आधी माणसं सांगतो. मी कॉलेजात एनसीसीच्या आर अँड व्ही मध्ये होतो, म्हणजे रिमाउंट अँड व्हेटरनरी, तिथे घोड्यावर बसायला शिकलो आणि खरारा करायलाही शिकलो, तेव्हापासून शनिवार-रविवार सोडला नाही. भाची तेव्हा १४ वर्षांची, दोन वर्षं रायडिंग स्कूलला जात होती, ठीकठाक बसायची. आणि २६ सप्टेंबर २०२३ ला हांगझोच्या एशियन गेम्समध्ये आपल्या ड्रेसाज टीमने गोल्ड घेतलं, अनुष अगरवाला, हृदय छेडा, सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी गोल्ड, त्यातला हृदय तर मुंबईचा. झालं. पोरीने ती क्लिप इतक्या वेळा बघितली की ताईने वायफाय बंद केलं. ड्रेसाज म्हणजे अगदी थोडक्यात, उड्या नाहीत, शर्यत नाही, घोड्याने स्वाराच्या बारीकशा इशाऱ्यावर चाल बदलायची, तिरपं जायचं, जागच्या जागी वळायचं, आणि बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की स्वार नुसता बसलाय. ते घोडे युरोपातले आणि ही पोरंही वर्षानुवर्षं तिकडेच राहून शिकलेली, हे मी तिला सांगून बघितलं. "मामा, मला ऑलिम्पिकला नाही जायचं, मला फक्त तसं करून बघायचंय." आता ह्यावर काय बोलणार.

दाजींचं बजेट तीन लाख. मी म्हटलं होतं आधी एक घोडा नुसता बघून या, घ्यायचा म्हणून नाही, बसून बघायला. तो बाबू.

बाबू दिसायला काहीच नाही. कुमैत रंग, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, पाठ जराशी खचलेली, उंची पंधरा हँड तीन इंच, एक हँड म्हणजे चार इंच. २०१० चा जन्म, थरोब्रेड म्हणजे शर्यतीच्या घोड्यांची जात, सहा वर्षांचा होईपर्यंत रेसकोर्सवर पळाला, फार काही जिंकला नाही, मग मॅडमनी ४० हजारांत उचलला. रेसमधून निघालेले घोडे स्वस्त मिळतात ह्याचं कारण सगळ्यांना माहीत असतं तरी सांगतो, त्यांना एवढंच शिकवलेलं असतं की तोंडातल्या लगामीवर रेलायचं आणि पुढे निघायचं. म्हणजे तुम्ही थांबवायला म्हणून ओढलंत तर तो त्याच्या समजुतीप्रमाणे अजून जोर लावतो. मॅडमनी सात वर्षं त्याच्यावर घालवली. रोज तासभर.

मी बसलो त्याच्यावर. पहिली पाच मिनिटं काही वाटलं नाही, जरा सुस्तच वाटला, आणि मग एका कोपऱ्यात मी सवयीने श्वास सोडून कंबर सैल केली तर तो थांबला. चारही पाय एका ओळीत. मी लगाम हलवलीसुद्धा नव्हती. मॅडम कुंपणापलीकडून म्हणाल्या, "तुम्ही थांब म्हणालात त्याला." नंतर भाची बसली. वर्तुळात दुडकी चालीवर होती, वर्तुळाच्या बाहेर नजर गेली असेल, एक ढुंगण जरा दाबलं गेलं असेल, आणि बाबू अलगद तिरपा सरकायला लागला, पाय एकमेकांवरून ओलांडत, जे त्या क्लिपमध्ये तिने वीस वेळा बघितलं होतं अगदी तेच. पोरगी घाबरून ओरडली, "मी काहीच सांगितलं नव्हतं!" मॅडम म्हणाल्या, "सांगितलंस, फक्त तुला कळलं नाही."

मी त्याच क्षणी मनात सहा लाख मोजून टाकले होते. पण पैसे माझे नव्हते.

दाजींचंही एका अर्थी चुकीचं नव्हतं. ते मूळचे बारामतीकडचे, म्हणजे खास भीमथडीचे, ज्या तट्टांवर मराठ्यांनी सगळा हिंदुस्थान पालथा घातला ती त्यांच्याच नदीकाठची, पण घरात आता घोडा नाही, बैल होते. बैलाची किंमत दातावर. दोन दाती, चार दाती, मग जुळला, म्हणजे सगळे दात आले, की उतरणीला. जनावर जेवढं तरुण तेवढं कामाचं जास्त, तेवढी किंमत जास्त, सरळ हिशेब. त्या हिशेबाने १३ वर्षांचा घोडा म्हणजे कसायाच्या दाराशी आलेला माल. आणि इथेच घोडं पेंड खातं, कारण बैलाला औताला जुंपायला जे शिकवायचं ते महिना-दोन महिन्यांत होतं, त्यामुळे किंमत शिकवण्याची नसतेच, उरलेल्या वर्षांची असते. स्वारीच्या घोड्याचं उलटं आहे. त्याच्या पाठीचे मणकेच पूर्ण भरायला पाच-साडेपाच वर्षं लागतात, त्याच्या आधी जड काम देता येत नाही, पुढे चार-पाच वर्षं शिकण्यात जातात, आणि नीट सांभाळला तर मध्यम कामाला अठरा-वीसपर्यंत चालतो. म्हणजे दहा ते पंधरा हा त्याचा खरा भरात असलेला काळ. मी हे सगळं गाडीत येताना सांगितलं. दाजी म्हणाले, "बरं. मग पाच वर्षांनी विकायला गेलो तर कितीला जाईल?" मी म्हटलं, शून्य. "मग?" असं म्हणून त्यांनी रेडिओ लावला.

डिसेंबरात आम्ही सारंगखेड्याला गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, एकमुखी दत्ताचं देऊळ आहे, दत्तजयंतीला यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार, आता त्याला चेतक फेस्टिव्हल पण म्हणतात. २०२३ ला जयंती २६ डिसेंबरला होती. पुण्याहून चारशेच्या वर किलोमीटर, आणि धुळ्यानंतर थंडी अशी की चहाचा ग्लास सोडवत नाही. बाजार बघण्यासारखा आहे हे मात्र खरं. मारवाडी घोडे, आत वळून टोकाला टोक लागणाऱ्या कानांचे, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरा, ढोलावर नाचणारे, कोणी पलंगावर चढवून नाचवतोय. भाव उघड बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबतात, दलाल तोंडाने काहीतरी भलतंच बोलत असतो.

मी दोन दिवस वहीत लिहीत होतो की कशाचे किती लावतात. उंचीचे. कानांचे. रंगाचे. पंचकल्याण असेल, म्हणजे चारी पाय आणि तोंड पांढरं, तर वाढीव. गळ्यावर देवमन नावाचा भोवरा असेल तर वाढीव, डोळ्याखाली भोवरा असेल तर गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरतं. नाचाचे वेगळे. घोडी असेल तर पुढच्या वेताचे. अख्ख्या वहीत एका ठिकाणी सुद्धा "बसून बघा" नाही. त्यांचं काही चुकत नाही हो, गिऱ्हाईक लग्नवाला आहे, स्टडवाला म्हणजे घोड्यांची पैदास करणारा आहे, हौशी आहे, त्याला जे पाहिजे त्याचे पैसे तो देतो. आम्ही चुकीच्या दुकानात आलो होतो एवढंच.

चांदणी तिथे मिळाली. साडेतीन वर्षांची मारवाडी घोडी, राखाडी, गळ्यावर देवमन, डोळे असे की ताईसारखी बाई, जिला जनावराचा वाससुद्धा सहन होत नाही, तिने तिच्या नाकावर हात फिरवला. २,४०,०००. मी नाही म्हटलं, पण आवाज बारीक निघाला, कारण खोटं कशाला सांगू, मला पण आवडली होती. एक काम मात्र नीट केलं, ग्लँडर्सची टेस्ट झाल्याशिवाय पूर्ण पैसे दिले नाहीत, रक्त हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जाऊन रिपोर्ट येईपर्यंत घोडी तिथेच. ग्लँडर्स निघाला तर घोडा मारावाच लागतो आणि तो माणसालाही होतो, तेव्हा ह्यात कंजूषी करू नका, बाकी कशातही करा.

आता पुण्यातला पहिला दिवस. भाची बसली, साईसने, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याने, सोडलं, तिने लगाम हातात घेतली, ओढली पण नाही, नुसती जरा आखडती घेतली, आणि चांदणी जागच्या जागी उड्या मारायला लागली, मान गळ्याशी घेऊन, पुढचे पाय छातीला लावत. अख्खा तबेला टाळ्या वाजवतोय. पोरीचा चेहरा पांढरा.

ट्रेनरने, वयस्कर माणूस आहे, फौजेत होता, त्याने घोडीचं तोंड उघडून मला दाखवलं. जिभेच्या दोन्ही बाजूला हिरड्यांवर जुने कडक वण. काटेरी लगाम. आपल्याकडे १९६५ च्या नियमांपासून बंदी आहे काट्यांच्या लगामीला, पण नाचाच्या घोड्यांत सर्रास चालते. तो म्हणाला, "साहेब, हिला शिकवलेलं नाही असं नाही. हिला पक्कं शिकवलंय. तोंडात काही लागलं की पुढे जायचं नाही, मागे जायचं नाही, वर उडायचं, मग सुटका होते. आता हे आधी पुसायचं, मग दुसरं लिहायचं." पाटी कोरी असती तरी एक वेळ बरं.

त्याने काम चांगलं केलं, हे मला मुद्दाम लिहायचंय. लगामच काढून टाकली दोन महिने, नाकावरच्या पट्ट्यावर चालवली, रोज लाँजवर, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवत, वीस मिनिटं, मग हातात धरून डांबरी रस्त्याने सरळ चालणं, ट्रॅक्टर दाखवणं, छत्री उघडून दाखवणं. मेमध्ये ती शांत दुडकी चालायला लागली म्हणून भाचीला बसवलं आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या शेतात कोणीतरी पत्र्याची शेड पाडत होतं, आवाज झाला, पोरीने घाबरून लगाम धरली, घोडीने ते जुनं पान उघडलं. पोरीचं गळ्याचं हाड मोडलं. प्लेट बसवली, हॉस्पिटलचं बिल १,६०,००० आलं, बरंचसं इन्शुरन्सने दिलं म्हणून ते मी हिशेबात धरत नाही. पोरगी तीन महिने बाहेर, आणि परत आली तेव्हा बसायची पण खांदे कानाला लागलेले. भीती गेली नाही तिची. घोडीची पण नाही. दोघींचंही लर्निंग लायसन्स, आणि एकीने दुसरीला शिकवायचं, हा काय प्रकार होता कोणास ठाऊक.

फेब्रुवारी २०२५ ला विकायची ठरवली. तोवर चांदणी खरंच सुधारली होती, चालायची, दुडकायची, डाव्या बाजूला कँटर, म्हणजे दुडकीपेक्षा वेगाची चाल, पण करायची, सातव्या-आठव्या वर्षी एखाद्या मोठ्या अनुभवी स्वाराच्या हाताखाली छान घोडी झाली असती. घ्यायला आला तो स्टडवाला. कान बघितले, देवमन बघितलं, उंची मोजली, कागद विचारले. मी म्हटलं बसून बघा, दहा महिने ट्रेनिंग झालंय. त्याने पाठीवरून हात फिरवला, खोगिराखाली जिथे घासून केस पांढरे झाले होते तिथे थांबला आणि म्हणाला, "डाग पडलाय भाऊ, तेवढे कमी करा." ज्याच्यासाठी आम्ही १,२०,००० मोजले होते त्याचे उलट कापून घेतले. १,६०,००० ला गेली.

हिशेब आता. घोडी २,४०,०००. ट्रकभाडं २८,०००. तबेल्याचं भाडं, ह्यात जागा, गवत, चंदी, साईसचा पगार सगळं, महिना २२,००० प्रमाणे १४ महिने ३,०८,०००. ट्रेनर १० महिने १,२०,०००. खूर कापणं १५,०००, नाल मारले नव्हते म्हणून एवढ्यात झालं. डॉक्टर, दात घासणं, जंताचं, धनुर्वाताचं, ३४,०००. खोगीर आणि बाकी सामान ६५,०००. एकूण ८,१०,०००, त्यातून विक्रीचे वजा, हातचे गेले ६,५०,०००.

हे बघून ताई म्हणाली, बघ, बाबू घेतला असता तर एवढे वाचले असते. मलाही तसंच वाटत होतं, मी वर्षभर दाजींना ऐकवत पण होतो. पण शीट उघडून बाबूची कॉलम प्रामाणिकपणे भरली तर तसं निघालं नाही. तबेल्याचं भाडं त्यालाही तेवढंच, ३,०८,०००. नाल लागतात, दर पाच-सहा आठवड्यांनी बदलायचे, धरा ४०,०००. डॉक्टर तेवढाच, खोगीर तेवढंच. आणि घोड्याची किंमत सहा लाखांवरून उतरणार, ती मी मुद्दाम जास्त धरली, अडीच लाख. बेरीज ६,९७,०००. म्हणजे शिकलेला घोडा उलट ४७ हजारांनी महाग. दाजींनी ही ओळ मोठ्याने वाचून दाखवली, दोनदा.

मग मी खाली एक ओळ वाढवली, जी पहिल्यापासून असायला पाहिजे होती. पोरगी प्रत्यक्ष किती वेळा घोड्यावर बसली? तबेल्याच्या रजिस्टरमध्ये सगळं असतं. चौदा महिन्यांत चांदणीवर ६१ वेळा. बाकी दिवस ट्रेनर, लाँज, दुखापत, पाऊस, भीती. एका रपेटीला साडेदहा हजारांच्या वर पडले. बाबूवर आठवड्याला पाच दिवस धरून, सुट्ट्या, परीक्षा वजा करून, २५० तरी झाल्या असत्या, एकीला २,८०० च्या आत. आणि त्या २५० मध्ये प्रत्येक वेळी घोडा काहीतरी सांगत असता. ६१ मध्ये तिने जे शिकलं ते बहुतेक पडायचं कसं.

दाजी त्या ओळीवर काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला.

आता मूळ प्रश्न, ते सहा लाख कशाचे होते. मी नंतर मॅडमना फोन करून त्यांचाच खर्च विचारला, अंदाजे. सात वर्षांचं भाडं, आधी कमी होतं, सरासरी महिना १६,००० धरलं तरी ८४ महिन्यांचे १३,४४,०००. आठवड्याला पाच रपेटी, पावसाळा, आजारपण जाऊन वर्षाला २२०, सात वर्षांत १,५४०. दुसऱ्या कोणाला पगारी बसवलं असतं तर एका वेळेचे पाचशे म्हणजे ७,७०,०००. एकवीस लाखांच्या वर गेला आकडा, घोड्याचे ४० हजार वेगळेच. आम्ही त्याला सहा लाख महाग म्हणत होतो. शिकलेला घोडा कोणीच नफ्यात विकत नाही, निदान आपल्याकडे तरी नाही, जो विकतो तो कुठेतरी बदलून चाललाय, म्हातारा झालाय, किंवा त्याच्या पोरांना आता घोड्यात रस नाही. घेणाऱ्याला दुसऱ्याची सात वर्षं तिसऱ्या हिश्शाहून कमी दरात मिळतात, आणि तो दातावर बोट ठेवून भाव पाडतो.

पण ह्याला दुसरी बाजू आहे आणि ती आम्हाला पुढे बघायला मिळाली. बाबू विकला गेला नाही. मॅडम बेंगळुरूला मुलाकडे गेल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये घोडा एका रायडिंग स्कूलला ठेवून गेल्या, वापरा आणि सांभाळा ह्या बोलीवर. मार्च २०२५ ला आम्ही परत बघायला गेलो तेव्हा तो पंधराचा झाला होता, मॅडम साडेतीन लाख म्हणत होत्या, आणि मी बसलो तर मला तो घोडा ओळखूच येईना. दिवसाला चार-चार नवशिके, कोणी टाच बडवतंय, कोणी लगामीला लोंबकळतंय, त्याने कान बंद करून घेतले होते. मी कंबर सैल केली, तो चालत राहिला. पुन्हा केली, चालत राहिला. टाच लावली तर शेपटी हलवली फक्त. पान का सडलं, घोडा का अडला, भाकरी का करपली, हे कोडं लहानपणी सगळ्यांनी ऐकलंय, न फिरवल्यामुळे. मी त्यात एक भर घालीन, घोडा वाईट फिरवल्यानेही अडतो, आणि जास्त लवकर अडतो.

ह्याचं जगातलं सगळ्यात महागडं उदाहरण म्हणजे टोटिलास. डच घोडा, एडवर्ड गाल त्याच्यावर बसायचा, २००९ मध्ये ड्रेसाजमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर मार्क घेतले, जे आधी कोणी घेतले नव्हते, २०१० ला केंटकीच्या वर्ल्ड इक्वेस्ट्रियन गेम्समध्ये तीन गोल्ड. लगेच जर्मनीला विकला गेला, किंमत जाहीर केली नाही पण एक कोटी युरोच्या आसपास असल्याचं बोललं गेलं. घोडा तोच, पाय तेच, नवा स्वार मथियास राथही काही लेचापेचा नव्हता. पण ते पूर्वीचं परत आलंच नाही, मध्ये दुखापती, लंडन ऑलिम्पिक हुकलं, २०१५ ला आखेनला तो उघड लंगडताना दिसला आणि संपलं. आणि त्याचे रेकॉर्ड मोडले वलेग्रोने, जो लहान असताना काही हजार पौंडांत घेतलेला. शार्लट दुजार्डिन त्याच्यावर २०१२ ला दोन ऑलिम्पिक गोल्ड घेऊन आली, त्यानंतर त्याला विकायचं चाललं होतं, विकला नाही, २०१६ ला पुन्हा गोल्ड. पैसे देऊन घोडा घेता येतो, घोडा आणि त्याच्या स्वारात जे चालू असतं ते ट्रकमध्ये चढत नाही. बाबू आणि टोटिलास एका परिच्छेदात घालतोय म्हणून बाबूला हसू नका.

तर आम्ही ह्या वेळी घेतला नाही. पेशव्यांच्या काळात स्वार दोन तऱ्हेचे असायचे हे शाळेत वाचलेलं, शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं, बारगीर म्हणजे घोडा सरकारचा, बसायचं तुम्ही. मी दाजींना म्हटलं, शिलेदार होऊन बघितलं, आता बारगीर व्हा. मॅडमशी लीज ठरवली. सहा महिने, घोडा त्यांचाच, लीजचे पैसे नाहीत, खर्च सगळा आमचा, आणि आमच्याखेरीज दुसरं कोणी बसायचं नाही. तबेला २४,०००, तो फौजी ट्रेनर आठवड्यातून दोनदा बसणार त्याचे ८,०००, नाल-औषधं सरासरी ३,०००, महिन्याला पस्तीस हजार. आधी डॉक्टरकडून नीट तपासणी करून घेतली, पाय दुमडून धरून मग पळवून बघणं आणि एक्सरे धरून २५,००० लागले. पुढच्या डाव्या पायाच्या शिरेवर रेसच्या वेळची जुनी सूज होती, जुनी आहे म्हणजे भरलेली आहे, पण उड्या बंद. हे लिहून घेतलं.

पहिला महिना ट्रेनरनेच काढला. काही विशेष करत नव्हता तो, चालायचं, थांबायचं, एकदा हळू सांगायचं आणि ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा स्पष्ट, तिसऱ्यांदा कधीच नाही. सहाव्या आठवड्यात एका सकाळी मी बसलो, सवयीने श्वास सोडला. दोन पावलं टाकली त्याने, आणि मग थांबला. एक मागचा पाय जरा मागे राहिला होता. मी खाली उतरून साईसकडून गूळ मागून घेतला.

भाची आता १६ ची आहे. खांदे खाली आलेत. जूनमध्ये तिला ते तिरपं जाणं पहिल्यांदा सांगून जमलं, चुकून नाही. मग पाऊस लागला आणि जुलैत बाबूच्या खुरात पू झाला, तीन आठवडे उभा, पोटीस, पट्ट्या, साडेअकरा हजार. त्या तीन आठवड्यांत दाजी दर रविवारी आले, गाजरं घेऊन, आधी पिशवीतून दोन, मग किलोभर.

लीज सप्टेंबरअखेर संपतेय. मॅडम आता तीन लाख म्हणतायत. मी म्हणतोय आधी त्या डाव्या पायाचा एक्सरे पुन्हा काढू, काही नवं नसेल तर अडीचवर बोलू. दाजींनी काल फोन केला, म्हणाले, "त्यांना अडीच वगैरे सांगू नका हो, रागावल्या तर परत नेतील."